पिठ्ठू, वेबिंग, बीपी जॅकेट : फौजींनो, खांद्याला विचारून लिहा

शिरोळचा_हवालदार

राम राम मंडळी.

पुतण्या बेळगावच्या मराठा सेंटरमधनं ट्रेनिंग संपवून पहिल्या रजेवर आलाय. दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पाय धुवून तो आत आला, शर्ट काढला आणि माझं लक्ष त्याच्या खांद्यांकडं गेलं. दोन्ही बाजूंना मानेपासून काखेपर्यंत उतरलेले काळपट पट्टे, तीन बोटं रुंद. घरातल्या कुणाला काही वाटलं नाही. ऊन लागलं असेल म्हणाले. मला ओळखू आले, कारण १९९० साली माझ्या खांद्यांवर तसेच पट्टे होते, नेमके त्याच जागी.

मी १९८९ ला भरती झालो, २४ वर्षं काढून हवालदार म्हणून बाहेर पडलो. सुरुवातीला आम्हाला कॅनव्हासचं वेबिंग, म्हणजे अंगावर सामान अडकवायचे पट्टे, होतं, इंग्रजांच्या १९३७ पॅटर्नच्या वळणाचं. पट्टे सुती, बकलं पितळी. कोरडं असलं की काही बोलायला जागा नाही, इतकं मजबूत. पण ईशान्येतल्या पावसात भिजलं की पट्टा पाणी पिऊन फुगायचा आणि बकलातनं सरकायचाच नाही. रात्री गारठलेल्या बोटांनी तो ढिला करताना नखं मोडायची. पुढं नायलॉन आलं. ते पाणी पीत नाही, पण त्याची कड धारदार. घामानं कातडी मऊ पडली की ती कड बरोबर आत शिरते.

दारूगोळा लागतो, पाणी लागतं, ते न्यावंच लागतं, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. मला हे जाणून घ्यायचंय की वजन नेमकं कुठं बसत होतं, काय काचत होतं, आणि तुम्ही त्यावर काय केलंत. ज्यानं जे वाहिलं त्यानं त्याबद्दल लिहावं. पलटणीचं नाव, ठिकाण, तारीख, फोटो कुणीही टाकू नका. सेवेत असलेल्यांनी तर विशेष काळजी घ्या.

सुभेदार_आजोबा_गडहिंग्लज

मी सांगतोय, नातू टाइप करतोय.

१९७१ ला मी शिपाई होतो, पूर्वेच्या आघाडीवर. मोठा पॅक लढाईत पाठीवर नसायचा, तो मागं गाडीत राहायचा. अंगावर वेबिंग, पुढं काडतुसांचे दोन पौच, पाण्याची बाटली आणि छोटा पॅक. त्यात मेस टिन म्हणजे जेवणाचा डबा, एक जोड मोजे, शक्करपारे. रात्री निघायच्या आधी आमचे उस्ताद प्रत्येकाला जागच्या जागी दोन उड्या मारायला लावायचे. ज्याच्या अंगावर काही वाजलं त्यानं सगळं सोडून पुन्हा बांधायचं. मोजे आम्ही मेस टिनमध्येच कोंबायचो, म्हणजे ती वाजत नसे.

नाले ओलांडताना पाणी छातीपर्यंत यायचं. सुती वेबिंग एकदा भिजलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाळत नव्हतं. माझ्या मागं चालणाऱ्या गड्याच्या काखेत त्यानं जखम झाली. त्यानं ती कुणाला दाखवली नाही, लढाई थांबल्यावर अंघोळीला बसला तेव्हा आम्ही बघितली. आत कापड चिकटलेलं होतं.

पन्नास वर्षांत शाळेतल्या कार्यक्रमांना मला शंभर वेळा बोलावलं असेल. ही गोष्ट आज पहिल्यांदा सांगतोय, कारण हे कुणी विचारलंच नव्हतं.

पन्हाळा_पावनखिंड_वारकरी

मी फौजी नाही, साधा ट्रेकर. दर जुलैला पन्हाळा ते पावनखिंड चालतो, चिखलात दोन दिवस. माझ्या सॅकला रुंद कंबरपट्टा आहे. तो आवळला की निम्म्याहून जास्त भार कमरेच्या हाडावर उतरतो आणि खांदे मोकळे होतात. मग फौजेच्या पिठ्ठूत हे का नाही? हे विचारणं आगाऊपणाचं वाटलं तर माफ करा, पण खरंच समजून घ्यायचंय.

रजेवरचा_गडी

दादा, विचारलंत ते चांगलं केलंत. नव्या पिठ्ठूंना कंबरपट्टा असतोय. पण तो बांधायला कंबर मोकळी पाहिजे ना. तुमच्या कमरेवर काही नसतं. आमच्या कमरेवर आणि पोटावर मॅगझिनचे पौच, बाटली, ग्रेनेड. पट्टा त्याच्यावरनं बांधला तर पौच उघडत नाही, खालनं बांधला तर नीट बसत नाही.

वरनं बीपी, म्हणजे बुलेटप्रूफ, जॅकेट. त्याच्या पाठीत कडक प्लेट असते. पिठ्ठू पाठीला चिकटण्याऐवजी प्लेटवर बसतो, म्हणजे अंगापासनं चार बोटं लांब. तेवढ्यानं तो मागं ओढतो. गडी तोल सांभाळायला पुढं वाकतो. वाकला की डोक्यावरचा बुलेटप्रूफ पटका कपाळावर सरकतो, समोरचं दिसायला मान वर करावी लागते. दिवसभर असं चालल्यावर रात्री मान फिरत नाही.

आणि एक. फायर आला की पिठ्ठू टाकून आडोसा घ्यायचा असतो. छातीचा आणि कमरेचा, दोन्ही पट्टे आवळलेले असले तर तो अंगातनं निघत नाही. त्यामुळं दाट झाडी आली, वळण आलं की बरेच जण कंबरपट्टा आपणहून सोडतात. मग सगळा भार परत खांद्यावर.

शिरोळचा_हवालदार

गड्यानं बरोबर सांगितलं. आता जरा हिशोब करू या, सगळ्यांना माहीत असलेल्या वस्तूंचाच.

बीपी जॅकेट प्लेटांसकट साधारण १० किलो धरा. रायफल ४ किलो. एके रायफलीची ३० गोळ्यांची भरलेली मॅगझिन पाऊण किलोच्या वर भरते, अशा पाच म्हणजे ४ किलो. दोन ग्रेनेड दीड किलो. दोन लिटर पाणी २ किलो. डोक्यावरचं दीड-दोन किलो. झाले २३ किलो. पिठ्ठू अजून जमिनीवरच आहे. बूट, कपडे, फर्स्ट एड, टॉर्च, दोरी यांतलं काहीच मी धरलेलं नाही.

माणसानं आपल्या वजनाच्या एक तृतीयांशापर्यंत ओझं घेतलं तर तो चालून पुढं लढूही शकतो, असा जगभरातल्या फौजांचा जुना ठोकताळा आहे. आमचा पुतण्या ६१ किलोचा आहे. म्हणजे त्याचा वाटा २० किलोचा. तो पिठ्ठू उचलायच्या आधीच संपला.

आपल्याकडं गुळाचा मोठा रवा, म्हणजे ढेप, ३० किलोचा. मार्केट यार्डातला हमाल तो पाठीवर टाकतो, ट्रकपर्यंत नेतो आणि ठेवतो. त्याच्या कष्टाला मी हात जोडतो. पण त्याला तो रवा घेऊन रात्रभर डोंगर चढायचा नसतो, आणि वर पोचल्यावर कुणाशी झुंजायचंही नसतं.

कागलचा_वाघ

हवालदारसाहेब, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो. मी भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पहाटे पळवतो. अशा चर्चा वाचून पोरं घाबरतात. मावळ्यांनी कुठला कंबरपट्टा बघितला? पन्हाळ्याहून विशाळगडापर्यंत भर पावसात रात्रीत गेले की. वजनाबद्दल बोलणं हे फौजीला शोभत नाही असं माझं मत आहे.

टाकळीकर

वाघसाहेब, मी सैनिक टाकळीचा. आमच्यात घरटी एक तरी फौजी, त्यामुळं पोरं घाबरतील ही काळजी आमच्या गावाच्या बाबतीत करू नका.

पण मावळ्यांचा दाखला तुम्ही दिला तो उलटा आहे. १६६० च्या त्या रात्री ते गेले कारण त्यांच्या अंगावर ढाल-तलवार आणि मोजकं सामान होतं. महाराजांच्या फौजेत लवाजम्याला थारा नव्हता, मोहिमेवर बायका-बटकी न्यायला सक्त मनाई होती. शत्रूला कळायच्या आत ती फौज वीस कोस पुढं गेलेली असायची. हलकं असणं हेच तिचं हत्यार होतं. आणि शंभर वर्षांनी, १७६१ ला पानिपतावर काय झालं? लढणाऱ्यांबरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, कुटुंबं. तेवढ्या लोकांना खायला घालता घालता फौज उपाशी पडली. मराठ्यांच्या इतिहासात ओझ्याचा प्रश्न पहिल्या पानापासनं आहे.

१९९९ ला कारगिलमध्ये १६ हजार फुटांच्या आसपासच्या शिखरांवर चढताना जवानांनी पिठ्ठूतला शिधा काढून ठेवला आणि त्या जागी काडतुसं भरली. उपाशी चढले. वजनाचा विचार त्यांनी केला, प्रत्येक किलोचा केला. त्याला कुणी घाबरणं म्हणणार नाही.

कागलचा_वाघ

काडतुसांचं पटलं. पोरांना सांगताना आता वेगळं सांगेन. पानिपताबद्दल बरीच मतं आहेत, तो वाद इथं नको.

सूनबाई_भुदरगड

मी लिहावं की नाही हा विचार दोन दिवस केला.

आमचे हे रेडिओ ऑपरेटर होते. रायफल, पौच सगळं इतरांसारखंच, आणि वर सेट, शिवाय जादा बॅटऱ्या. हे नेहमी सांगायचे की गोळ्या संपल्या की वजन कमी होतं, शिधा संपला की वजन कमी होतं, पण बॅटरी संपली तरी ती तेवढ्याच वजनाची परत आणावी लागते. सेट पाठीवर, पण हँडसेट कानाला लावायचा म्हणून डावा खांदा कायम वर उचललेला.

घरी आल्यावर पहिली दोन वर्षं काही जाणवलं नाही. मग जाऊबाईंच्या मुलाच्या लग्नात सगळे पुरुष फेटे बांधायला बसले. यांचा फेटा गावात नावाजलेला, दुसऱ्यांनाही हेच बांधून द्यायचे. त्या दिवशी हे खोलीत आत जाऊन बसले. मी बघायला गेले तर उजव्या हातात फेट्याचं टोक, आणि डावा हात कानाच्या वर जात नव्हता. चेहऱ्यावर दुखण्याची खूण नव्हती. हात नुसता तिथं येऊन थांबायचा. मला म्हणाले, दार लावून घे.

फेटा मी बांधला. मला येत नव्हता, यांनी सांगितलं तसा बांधला. बाहेर कुणाला कळू दिलं नाही.

इथं एवढी माणसं खांद्याबद्दल उघड बोलतायत हे मी यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, लिही. म्हणून लिहिलं.

सुभेदार_आजोबा_गडहिंग्लज

पोरी, त्यांना माझा जय हिंद सांग.

फिजिओ_राजारामपुरी

वहिनी, तुमच्या पोस्टनंतर मला लिहिणं भागच आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडं निवृत्त फौजी बरेच येतात.

मानेतून नसांचं एक जाळं निघतं, ते गळपट्टीच्या हाडाखालून काखेत आणि तिथून हातात जातं. पिठ्ठूचा पट्टा नेमका त्या वाटेवर बसतो. अरुंद पट्टा, जड ओझं, तासन्‌तास चाल, असं जमलं की ते जाळं दाबलं जातं. सुरुवात मुंग्यांनी होते, मग हात जड वाटतो, मग पकड सुटते. काहींच्या पाठीवरचं खांद्याचं फावडं पंखासारखं बाहेर येतं आणि हात वर जात नाही. डॉक्टरांना हे दुखणं जुनं माहीत आहे, जगातल्या सगळ्या फौजांत सापडतं. दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो, तेच घातक. वेळेत ओझं उतरवलं तर बहुतेक जण काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत सुधारतात. त्यामुळं पुतण्याला सांगा, ओझं उतरवल्यावरही हात सुन्न राहिला किंवा बोटांची पकड ढिली वाटली तर एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जायला लाजू नये. वहिनी, साहेबांना एकदा मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा. उशीर झालाय म्हणून सोडून देऊ नका, उरलेले स्नायू बळकट करून बराच फरक पडतो.

पिठ्ठू भरण्याबद्दल. जड वस्तू पाठीच्या कण्याला चिकटून, फावड्यांच्या उंचीला. हलकं सामान बाहेरच्या बाजूला. स्लीपिंग बॅग तळाला. रस्ता खडबडीत आणि चढ-उताराचा असेल तर जड वस्तू थोडी खाली घ्यावी, तोल राहतो. बऱ्याच पोरांच्या पिठ्ठूत जड डबा सगळ्यात वर आणि सगळ्यात बाहेर असतो, कारण तो शेवटी भरलेला असतो.

आणि बूट. पायातला एक किलो वाहायला पाठीवरच्या चार-पाच किलोंइतकी ताकद जाते. प्रत्येक पावलाला तो उचलावा लागतो. पाठीवरचं ओझं सगळे बघतात, ओला बूट कुणी तोलत नाही.

रजेवरचा_गडी

बुटाचं शंभर टक्के खरं.

आता चांगलंही लिहितो, कारण पोरं वाचतायत. पूर्वीपेक्षा फरक पडलाय. २०१८ ला १ लाख ८६ हजार बीपी जॅकेटांचा करार झाला. त्या आधीची जॅकेटं ज्यांनी घातलीत त्यांना विचारा. नव्यांत एक दोरी ओढली की जॅकेट अंगातनं सुटतं. पाण्यात पडलं तर जीव वाचवणारी गोष्ट आहे ती. आपण पंचगंगेत पोहणारी माणसं, पण दहा किलोचं जॅकेट अंगावर घेऊन कुणी पोहत नसतंय. २०२४ ला डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेनं आयआयटी दिल्लीबरोबर ‘अभेद’ नावाचं जॅकेट दाखवलं, ८.२ किलो आणि ९.५ किलो असे त्याचे कमीत कमी आकडे जाहीर केलेत. दीड-दोन किलो म्हणजे इथं कुणाला थोडं वाटेल. आमच्यासाठी ती दोन लिटर पाण्याची जागा आहे.

पौचचंही सुधारलंय. पूर्वी पौच जिथं शिवलेला तिथंच. आता आडव्या पट्ट्यांच्या ओळी असतात, त्यांत आपल्या हाताच्या सोयीनं पौच ओवता येतो. डावखुऱ्या गड्यांना याचा किती फायदा झाला ते त्यांनाच विचारा. फक्त वेलक्रो नको. शांत रात्री वेलक्रो उघडला की शंभर पावलांवर ऐकू जातो. बटण नाहीतर बकल बरं.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याला आर्मी डेच्या परेडमध्ये चार पायांची यंत्रं चालली, खेचरासारखी ओझं वाहणारी. बघितली असतील तुम्ही. येऊ देत, आनंदच आहे. पण जनावर खेचराला विसरू नका. जिथं वाट दीड फुटाची आहे तिथं आजही खेचरच रॉकेल आणि पीठ वर पोचवतंय. आणि स्थानिक पोर्टर. ते कपाळावरनं पट्टा घेऊन ओझं वाहतात, खांद्यावर काहीच नाही. मी एकदा तसा प्रयत्न केला, दहा पावलांत मान गेली. ते लहानपणापासनं करतात.

उंचीवर चढायच्या आधी शरीर रुळवायला दिवस ठरलेले असतात. ९ हजार फुटांच्या वर ६ दिवस, १२ हजारांच्या वर आणखी ४, १५ हजारांच्या वर आणखी ४. सुरुवातीला विश्रांती, मग नुसती चाल, मग थोडा चढ, तोही आधी सामानाशिवाय. ते दिवस कुणी चुकवू नयेत. तिथं पाच किलोसुद्धा पंधरा किलोसारखं लागतं.

बॅगवाला_लक्ष्मीपुरी

नमस्कार. माझा बॅगा शिवायचा धंदा आहे, वडिलांपासनं. रजा संपत आली की फौजी पोरं पिठ्ठू घेऊन येतात. बहुतेकांची मागणी एकच, पट्ट्याला गादी लावा.

मी जे बघितलंय ते सांगतो. पिठ्ठू फाटतो तो कापडात नाही, जोडात फाटतो. खांद्याचा पट्टा वर जिथं शिवलेला असतो तिथं सगळा भार. तिथं नुसती सरळ शिलाई असली की वर्षात उसवते. चौकोन मारून आत फुली मारलेली शिलाई पाहिजे, आणि दोरा नायलॉनचा. सुती दोरा भिजून कुजतो, वरनं धड दिसतो आणि ऐन वेळी सुटतो. प्लास्टिकचं बकल थंडीत ठिसूळ होतं, बर्फाकडं जाणाऱ्यानं एक जादा खिशात ठेवावं.

गादीला स्पंज वापरू नका. आठ दिवसांत बसतो, आणि पाणी धरतो. मी घोड्याच्या खोगिराखाली असतो तसला नमदा वापरायचो, तो बसत नाही, पण ओला झाला की जड. आता चपलेच्या तळाला लावतात तसलं घट्ट फोम घेतो, अर्ध्या इंचाचं. पट्ट्याच्या कडेबाहेर दोन्हीकडं अर्धा इंच जास्त, म्हणजे नायलॉनची कड कातडीला लागत नाही.

एक मात्र पाळतो. सरकारी पिठ्ठूला मी भोक पाडत नाही की टाका घालत नाही. किट इन्स्पेक्शनमध्ये पोराला बोलणी बसू नयेत. पट्ट्यावर चढवायची पिशवीसारखी गादी करून देतो. लावली, काढली. पैसे मी फोमचे घेतो, शिलाईचे घेत नाही. २०१९ च्या पुरात फौजेच्या बोटीतनं आमच्या आईला पाठीवर घेऊन एका पोरानं बाहेर काढलं. त्याचं नावसुद्धा विचारायचं राहिलं.

शिरोळचा_हवालदार

बॅगवाले मालक, परवा पुतण्याला घेऊन आलो होतो ते आम्हीच. ओळख दिली नाही, माफ करा.

सगळ्यांना सांगतो. गादी चढवली. मग घरी सोप्यात बसून पिठ्ठू पूर्ण रिकामा केला आणि फिजिओताईंनी सांगितलं तसा भरला. आधी त्याचा बुटांचा जादा जोड सगळ्यात वर बाहेरच्या बाजूला होता. तो आत कण्याजवळ घेतला. स्लीपिंग बॅग खाली. चिवड्याचा डबा आईनं दोन किलोचा दिला होता, तो अर्धा केला, त्यावरनं घरात थोडी बोलाचाली झाली. मग त्याला अंगणात उभा करून सुभेदारसाहेबांच्या उस्तादांसारख्या दोन उड्या मारायला लावल्या. मग वाजला. साबणाच्या डबीत साबण हलत होता. रुमालात गुंडाळला. पुन्हा उड्या, काही नाही.

काल त्याचा फोन आला. डावा खांदा चांगला आहे म्हणाला, मुंग्या नाहीत. उजवीकडची गादी मात्र बाहेर सरकते, कारण रायफलीचा पट्टा त्याच खांद्यावर येतो आणि तिला ढकलतो. त्यावर काही करता येईल का?

बॅगवाला_लक्ष्मीपुरी

येतं की. उजव्या गादीला खालनं एक बोटभर रुंद बंद लावतो, तो पट्ट्याच्या खालच्या कडीत ओवायचा, म्हणजे बाहेर जाणार नाही. वरच्या बाजूला रायफलीचा पट्टा बसायला एक छोटा उंचवटाही शिवतो. त्याला पट्टा कडेपासनं कडेपर्यंत मोजून माप कळवायला सांगा, अंदाजानं नको. गादी तुमच्या पत्त्यावर देतो, तुम्ही पुढं पाठवा.

आणि सूनबाई, साहेबांना दुकानात घेऊन या. चहा घेऊ. फेटा बांधायला मला शिकायचाय.